सोनटक्केसाहेबांच्या इंजिनाचा आवाज

आधी उषाकाकूंचं नाव घेते, मग बाकीचं सांगते. लातूरला मी आज मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसते, लोक आपला फोन माझ्या हातात ठेवून बाजार करून येतात, ते उषाकाकू एका सकाळी स्वयंपाकघरातून ओल्या हातानं बाहेर आल्या आणि चार शब्द बोलल्या म्हणून. त्या बोलल्या नसत्या तर मी किनवटकडं आमच्या गावाला परत गेले असते आणि घरच्यांना काय सांगितलं असतं, मला आजही सुचत नाही. उषाकाकू म्हणजे सोनटक्केसाहेबांच्या मंडळी. साहेब रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते, रिटायर होऊन लातूरला घर बांधून राहिले होते. सव्वा महिन्यापूर्वी ते नांदेडला त्यांच्या लेकीकडं वारले. फोन काकूंचाच आला. दुकानात गिऱ्हाईक समोर उभं होतं. काकू म्हणाल्या, "सुनंदा, साहेब गेले गं." आणि माझ्या तोंडून काय निघालं, तर, "नक्की?" ...माझी मलाच लाज वाटली. मग काकू म्हणाल्या, "त्यांच्यासारखंच विचारलंस." आणि तेव्हा कुठं त्यांना रडू आलं.

कारण साहेबांचा हा ठेवणीतला शब्द होता. नक्की? पाण्याचा टँकर आला की टँकरवाला सांगायचा, पूर्ण खाली केला साहेब. साहेब म्हणायचे, नक्की? आणि एक लांब काठी घेऊन गच्चीवर चढायचे. काठीवर त्यांनी ब्लेडनं खुणा केलेल्या होत्या. टाकीत काठी बुडवायची, ओली झालेली खूण बघायची, मगच टँकरवाल्याला जा म्हणायचं. मेडिकलवाल्यानं दिलेल्या गोळ्या पाकिटावरून एकदा आणि घरी येऊन एकदा मोजायचे. गॅसची टाकी वजन केल्याशिवाय आत येत नसे. फोन वाजला तर आपलं नाव आधी सांगायचे नाहीत, समोरच्यालाच विचारायचे, कोण बोलून राहिलं? गल्लीतले लोक त्यांना माघारी 'सीआयडी' म्हणायचे आणि ते साहेबांना माहीत होतं. मला वाटतं त्यांना ते आवडतही होतं.

मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. मी शिकलेली आठवीपर्यंत. तेही पुरतं नाही. किनवट तालुक्यातल्या एका आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहायचे, तिथं एका मुलीचं चांदीचं पैंजण हरवलं आणि रात्रीतून सगळ्यांच्या पेट्या उघडल्या. माझ्या पेटीत काहीच नव्हतं, पण माझी पेटी सगळ्यात जुनी होती, आणि मी सगळ्यात कमी बोलायचे, एवढ्यावरून नाव माझ्याकडं आलं. मी घेतलं नाही असं एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायला जीभ वळली नाही. सुट्टीत घरी आले ती परत गेलेच नाही. मग आत्याच्या ओळखीनं नांदेड, नांदेडहून लातूर, आणि भाईच्या दुकानात झाडलोट करता करता हातात सोल्डरिंगचं काम आलं. भाई म्हणजे आमचे मालक, सगळे त्यांना भाईच म्हणतात. बारीक काम मला जमतं. तांदळाच्या दाण्याएवढा भाग उचलून बसवायचा तर हात हलत नाही. बाकी सगळीकडं मी घाबरट.

साहेब दुकानात आले ते स्टीलचा डबा घेऊन. डब्यात कापसात गुंडाळलेलं वीतभर लांबीचं इंजिन. मीटरगेजचं डिझेल इंजिन, हुबेहूब. मुदखेडवरून किनवटकडं जाणारी लाईन पूर्वी मीटरगेज होती, त्या लाईनवर साहेबांनी असलंच इंजिन बरीच वर्षं चालवलेलं. एका कारागिराकडून त्यांनी त्याची पितळी बॉडी करून घेतली होती, मोटार बसवून घेतली होती, आणि घरातल्या एका खोलीत टेबलावर गोल रूळ टाकले होते. आता त्यांना त्यात आवाज पाहिजे होता. त्यासाठी एक डिकोडर मिळतो. बोटाच्या पेराएवढी पट्टी असते. रुळातून चाकांतून तिच्याकडं करंट येतो, त्याच्याबरोबर हुकूमही येतात, आणि ती मोटारही फिरवते आणि छोट्या स्पीकरमधून इंजिनाचा आवाजही काढते. स्टार्ट होतानाची धडधड, भोंगा, ब्रेकची हवा, सगळं. साहेबांनी ती बाहेरदेशातून मागवलेली. स्वतः बसवायला गेले तर हात हलायला लागलेला. भाईनं माझ्याकडं बोट दाखवलं. साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि भाईला विचारलं, "नक्की?"

काम त्यांच्या घरीच करायचं ठरलं. पहिल्या दिवशी त्यांनी दारातच सांगितलं, "बाई, पिशवी बाहेर ठेवा. लागेल ते सामान हातात घेऊन या." एका ताटलीत माझे स्क्रूड्रायव्हर, चिमटे, वायरीचे तुकडे ठेवायला लावले आणि वहीत लिहून घेतले. खोलीचं दार सताड उघडं. दारात स्टूल, स्टुलावर साहेब. मी काम करणार, ते बघणार. मलाही त्यांचा संशय आलाच होता. एकट्या बाईला घरी बोलावतात, तिच्यावर नजर ठेवून बसतात, हे काय प्रकरण हाय... पण समोर स्वयंपाकघर, त्यात उषाकाकू, आणि त्यांचंही लक्ष माझ्यावरच. म्हणजे मी त्यांच्याकडं चोरून बघायची, साहेब माझ्याकडं, काकू आम्हा दोघांकडं. चहा आला की साहेब कप उचलून आधी वास घ्यायचे. एकदा काकू म्हणाल्या, "अहो, तिच्यापुढं तरी नका. तिला वाटंल मी विष घालते." साहेब म्हणाले, दुधाचा वास बघून राहिलो. आणि खरंच बघत होते, दूधवाल्यावरही त्यांचा संशय होता.

त्यांनी पहिल्या दिवशी एक नियम सांगितला, तो मात्र मी विसरणार नाही. या इंजिनाला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. काम करताना मी, एरवी कुणीच नाही. काकूंनी एकदा ओल्या फडक्यानं पुसलं होतं, तर ते पंधरा दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. हे त्यांनी काकूंच्या समोरच सांगितलं, आणि काकू भांडी लावत राहिल्या.

डिकोडर बसायला तीन सकाळी लागल्या. पितळी बॉडीत असली पट्टी बसवायची म्हणजे कुठं काही टेकता कामा नये, मोटारीचं एक टोक जरी सांगाड्याला लागलं तरी पट्टी जळते. ते सगळं मी वेगळं केलं, वेष्टण घातलं, डाग दिले. आवाज आला, पण पत्र्याच्या डब्यात माशी अडकल्यासारखा. स्पीकरला मागून बंद डबी लागते, ती बसवायला इंजिनाच्या पोटातली डिझेलची टाकी आतून कोरावी लागणार होती, आणि ते मशीन दुकानात. म्हणून एक दिवस इंजिन दुकानात न्यावं लागलं. साहेब लई कचरले. शेवटी डबा हातात दिला, वहीत सही घेतली. संध्याकाळी मी परत आणून दिलं आणि रुळावर ठेवलं. साहेबांनी बटण दाबलं. इंजिन स्टार्ट झालं... ती धडधड टेबलातून माझ्या कोपरात आली. लहानपणी आमच्या वस्तीवर रात्री लाईनीवरून गाडी गेली की जमिनीतून यायची तशी. साहेबांनी भोंगा वाजवला, परत वाजवला, आणि वही काढून लिहिलं, आवाज बरोबर. तेवढंच.

त्यानंतर इंजिन व्यवस्थित चालत होतं. मग दसरा झाला आणि दसऱ्यानंतर दोन दिवसांनी भाईनं मला आतल्या बाजूला बोलावलं. साहेबांचा फोन आला होता. इंजिन हातभर चालतं आणि आवाज तुटतो, मग परत पहिल्यापासून स्टार्ट होतं, परत तुटतं. आणि साहेबांचं म्हणणं असं, की बाई एक दिवस इंजिन दुकानात घेऊन गेली होती, त्या दिवशी ओरिजिनल पट्टी काढून घेतली आणि डुप्लिकेट बसवली. डुप्लिकेट महिनाभर टिकली, आता गेली. भाई म्हणाले, "सुनंदा, मी शक करत न्हाई. पण दुकान माझं हाय. आठ दिवसांत निपटव, न्हाईतर तू बघ तुझं." या पट्टीवर वेगळा नंबर नसतो. एकसारख्या दोन ठेवल्या तर कुठली कुणाची, हे मीही सांगू शकणार नाही. म्हणजे माझ्याकडं दाखवायला काही नव्हतं. पुन्हा तेच. मी घेतलं नाही असं एकदा सांगायचं, आणि मग गप्प.

दुकान उघडायच्या आधी मी रोज साहेबांकडं जायला लागले. साहेब स्टुलावर. आता ते नुसतं बघत नव्हते, प्रत्येक गोष्ट विचारत होते. बॉडी का काढली? वायर बॉडीखाली चेपली का बघते. चेपली का? नाही. मग मोटार तपासली, मोटार सांगाड्यापासून वेगळीच होती. स्पीकरच्या वायरी तपासल्या. चाकांच्या कडा स्पिरिटनं पुसल्या, रूळ तर साहेब रोज स्वतः घासायचे. काही फरक नाही. दुसऱ्या दिवशी मी रूळ आणि चाकं बाजूला ठेवली आणि करंट थेट आतल्या वायरींना दिला. आवाज अखंड. पाच मिनिटं, दहा मिनिटं, एकदाही तुटला नाही. मला एवढा आनंद झाला की मी पहिल्यांदाच त्यांच्याकडं सरळ बघून बोलले. साहेब, पट्टी चांगली हाय, खराबी चाक आणि पट्टीच्या मधे कुठंतरी हाय. साहेब शांतपणे म्हणाले, "थेट दिल्यावर डुप्लिकेटसुद्धा चालतं. धक्के बसले की खरं-खोटं कळतं." त्या दिवशी घरी जाऊन मी पेटी भरून ठेवली. उद्या नाही सापडलं तर परवा सकाळची गाडी.

तिसऱ्या दिवशी मी चाकांचा सांगाडाच खाली काढला. तेवढ्यात बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. पाणी आठ दिवसांनी आलेलं. साहेब एकदा माझ्याकडं बघतात, एकदा गच्चीकडं बघतात, शेवटी काठी घेऊन वर गेले. मी चाकं उलटी केली. चाकाच्या मागच्या बाजूला पितळेच्या, केसासारख्या बारीक तारा घासत असतात, त्याच करंट आत नेतात. पुढच्या दोन चाकांच्या तारा लाल झालेल्या. चिकट, दाट, मळीसारखं. बोटानं उचललं आणि वास घेतला. खोबरेल तेल आणि कुंकू.

मला एका क्षणात कळलं. खंडेनवमी. आमच्या दुकानातही त्या दिवशी मल्टिमीटरला, सोल्डरिंगला कुंकू लावून हार घालतो. चाकांना पुढून कुंकू लावलेलं, नंतर कुणीतरी वरून पुसूनही घेतलेलं, पण तेल ओघळून मागं गेलं आणि इंजिन फिरलं तसं तारांवर बसत गेलं. करंट येतो, तुटतो. डिकोडरची पट्टी दर वेळी झोपेतून उठते, दर वेळी पहिल्यापासून स्टार्ट. मी वर बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात काकू डाळ धुवत होत्या. त्यांनी माझं बोट बघितलं. लाल बोट. आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

मी काय करायला पाहिजे होतं? साहेबांना हाक मारायची, दाखवायचं, सुटायचं. ते मी केलं नाही. मला वाटलं पंधरा दिवसांचा अबोला आता महिन्याचा होईल, आणि तोही माझ्यामुळं. आणि दुसरं असं वाटलं, की साहेब म्हणतील, बाईनंच कुंकू आणून लावलं सुटायला. मी घाईघाईनं कापसाच्या काड्या घेतल्या, स्पिरिट लावून सगळं साफ केलं, चाकं बसवली. साहेब जिना उतरत होते तेव्हा माझ्या हातात लाल झालेल्या चार काड्या होत्या. त्या टाकायला जागा दिसली नाही. मी मूठ मिटली.

साहेबांनी इंजिन रुळावर ठेवलं. बटण दाबलं. एक फेरा, दोन, दहा. भोंगा, ब्रेक, सगळं. एकदाही तुटलं नाही. मला वाटलं, सुटले. साहेबांनी इंजिन थांबवलं आणि विचारलं, काय केलं? म्हटलं साफ केलं. काय होतं? घाण. कसली? मी म्हटलं, धूळ. "धूळ मी रोज पुसतो," साहेब म्हणाले. "तीन दिवस मी हितं बसलो तर सुधरलं न्हाई. दहा मिनिटं वर गेलो तर सुधरलं." ...आणि मला कळलं की मी काय करून बसले. मी इंजिन नीट केलं होतं, आणि त्यामुळंच मी चोर ठरत होते. त्यांच्या हिशोबानं मी आज ओरिजिनल पट्टी आणून परत बसवली होती. आणि डुप्लिकेट? "मूठ उघडा," साहेब म्हणाले.

मी नाही उघडली. का नाही, ते विचारू नका. पेटी उघडा म्हटल्यावर मी पेटी उघडली होती, त्यानं काय झालं ते मला माहीत होतं. साहेब उठले, भाईला लावायला फोन हातात घेतला. तेव्हा काकू आल्या. हाताला डाळीचं पाणी, ते गळतंय, आणि साहेबांपुढं उभं राहून त्या म्हणाल्या, "कुंकू मी लावलं चाकाला."

मग काकू माझ्याकडं बघून म्हणाल्या, दाखव त्यांना. मी मूठ उघडली. चार लाल काड्या, आणि तळहातही लाल. साहेब स्टुलावर बसले. विचारलं, कधी? काकू म्हणाल्या खंडेनवमीला, तुम्ही अंघोळीला गेल्यावर. तेल कशाला? कोरडं चिकटत न्हाई म्हणून. नंतर पुसलं होतं, तुम्हाला दिसू नये म्हणून. आणि मग जे बोलल्या ते मी तसंच लिहिते. "ड्यूटीवर न्यायच्या डब्याला लावलं, बॅटरीला लावलं, झेंड्यांना लावलं. चौतीस वर्षं. तुम्ही परत यावं म्हणून. आता तुम्ही कुठंच जात न्हाईत, मग लावायचं कशाला? हेच एक उरलं होतं."

दुसरा माणूस असता तर यावर विरघळला असता, नाहीतर ओरडला असता. साहेबांनी दोन्ही केलं नाही. ते म्हणाले, "पुन्हा लाव." काकूंना वाटलं थट्टा करून राहिलेत. पण ते खरंच म्हणत होते. काकूंनी देवघरातून करंडा आणला, खोबरेल आणलं, आणि साहेबांच्या देखत, त्यांच्या हुकमानं, पहिल्यांदाच उघडपणे त्या इंजिनाच्या चाकांना कुंकू लावलं. आधी जेवढं लावलं तेवढंच लाव, जास्ती नको, साहेब सांगत होते. मग पुसायला लावलं, तसंच पुस. मग इंजिन फिरवत बसले. पहिले काही फेरे नीट. काकूंचा चेहरा उतरला, माझाही. मग भोंगा मधेच तुटला. परत स्टार्ट. परत तुटला. साहेबांनी मला सांगितलं, आता साफ करा. माझ्या समोर. मी केलं. आवाज अखंड. त्यांनी ते सगळं पहिल्यापासून आणखी एकदा करायला लावलं. मला दुकानात जायला दुपार झाली.

मग वही काढली. माझं पूर्ण नाव विचारलं. इतके दिवस मी नुसती 'बाई' होते. त्यांनी लिहिलं, मी वरून वाचलं: बिघाड, आवाज तुटणे. कारण, पुढच्या चाकांमागील तारांवर कुंकू व तेल. पूजा, सौ. उषा. शोध व दुरुस्ती, सुनंदा मारोती जाधव. खाली सही. मग वही माझ्याकडं सरकवली, तुझीही सही कर म्हणाले. त्यांनी मला 'तू' म्हटलं ते तेव्हापासून. माफी वगैरे काही नाही. भाईला फोन केला का, तेही मला ठाऊक नाही. भाईनं दुसऱ्या दिवशी एवढंच विचारलं, झालं का? मी म्हटलं, झालं. पुढं मला कुणी काही बोललं नाही, पण साहेबांनी आपला शब्द मागं घेतला का भाई नुसतेच विसरले, हे मला अजून माहीत नाही, आणि त्यावर माझं मन अजून अडतं.

पुढं मी अधूनमधून जायचे. डिकोडरच्या आवाजात काही कमी-जास्त करायचं असलं की निरोप यायचा. पिशवी आत न्यायला परवानगी मिळाली, स्टूल मात्र दारातच राहिलं. एकदा मी धीर करून विचारलं, साहेब, तुम्हाला खरंच वाटलं होतं मी चोरी केली? ते म्हणाले, हाव. वाटलं होतं. असं सरळ. मग म्हणाले, की ड्यूटीला इंजिनाचा चार्ज घेताना आधीचा ड्रायव्हर सांगतो, सगळं ठीक हाय. एकदा असंच सांगितलं, सांगणारा त्यांचा चांगला दोस्त होता. ते तरी उतरून बघायला गेले तर ब्रेकची नळी सुटलेली. दोस्त खोटं बोलला नव्हता, त्यालाच माहीत नव्हतं. "माणसावर शक न्हाई करत मी," साहेब म्हणाले, "त्याला सगळं माहीत हाय यावर करतो." हे खरं घडलेलं का माझ्या समाधानासाठी रचलेलं, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना आवडलं असतं कदाचित.

त्याच्या पुढच्या खंडेनवमीला मी गेले तर इंजिनाच्या तोंडावर, समोरच्या सपाट भागावर, साहेबांनी पांढऱ्या रंगानं बारीक चौकोन काढून ठेवला होता. काकूंना हाक मारली. इथं लाव, म्हणाले. चाकाला नाही. काकूंनी त्या चौकोनाच्या बाहेर जराही न जाता कुंकू लावलं, आणि साहेब चष्मा वर करून ते नीट आत बसलं का बघत होते. या उन्हाळ्यात त्यांना धाप लागायला लागली. इलाजासाठी लेक नांदेडला घेऊन गेली. जाताना मला म्हणाले, आठ दिवसांत येतो. मी म्हटलं, नक्की? ते हसले. तेवढं एकदाच मी त्यांना हसताना बघितलं.

मागच्या आठवड्यात मी काकूंना भेटायला गेले. दिवसकार्य उरकून त्या लातूरला परत आल्या आहेत. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून धडधड ऐकू आली. काकू खोलीत बसल्या होत्या, साहेबांच्या स्टुलावर नाही, खाली जमिनीवर, बटणाची पेटी मांडीवर घेऊन इंजिन फिरवत. कुणी शिकवलं नव्हतं. एवढे दिवस स्वयंपाकघरातून बघून बघून शिकलेल्या. मला बघितल्यावर दचकून थांबवलं, आणि आधी दाराकडं बघितलं. मग स्वतःलाच हसल्या. रोज सकाळी दहा मिनिटं चालवतात, आणि रोज अशाच दाराकडं बघत बघत चालवतात, म्हणाल्या. त्या दिवशी आम्ही बराच वेळ बोललो. त्यांनी मला दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलं, तुला कळलं होतं ना कुंकू कुणाचं ते? मग बोलली का न्हाईस? मी म्हटलं, तुमच्यासाठी काकू. त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी न्हाई. भ्यालीस म्हणून. मी बी भ्यालेच होते की."

ते खरं होतं. ज्यांना वर्षाच्या आत विसरता आलं असतं अशा लोकांपुढं मी उभी होते, काकू अख्खा जन्म ज्या माणसाबरोबर काढायचा त्याच्यापुढं उभ्या होत्या. आणि बोलल्या त्या.

त्यांची लेक फोनवर म्हणते, आई, एकटी राहू नकोस, नांदेडला ये, ती खोली रिकामी करू, इंजिन कुणाला तरी देऊन टाकू. आणि आणखी एक म्हणते, ती दुकानातली बाई सारखी घरी का येऊन राहिली, तिचा डोळा इंजिनावर तर नाही? काकूंनी मला हे सांगितलं तेव्हा मान खाली होती. लेकीचं मी वाईट मानत नाही, ती बापाची लेक आहे. पण काकूंना लातूर सोडायचं नाही, ते इंजिन रोज चालवायचं आहे, आणि हे त्यांना लेकीला सांगता येत नाही. म्हातारपणी डोकं फिरलं म्हणतील, अशी भीती. दिवाळीला लेक येणार आहे. मी भाईकडं त्या दिवसाची सुट्टी आतापासूनच मागून ठेवली आहे. माझ्यावर संशय घेऊन घेतील तेवढा घेऊ देत, माझी पिशवी बघू देत, मूठही उघडून दाखवीन. पण काकू, तुम्ही गप्प बसायच्या आत या वेळी मी तोंड उघडीन. लेक ऐकंल का नाही ते मला माहीत नाही, आणि एवढ्यानं फिटणार नाही हेही माहीत आहे. पण फेडीन मी तुमचं, काकू. कधी ना कधी पुरतं फेडीन. नक्की.